साध्या कपड्यात माप लपत नाही

छापा नाही, भरतकाम नाही, छातीवर कंपनीचं नाव नाही, असा पांढरा शर्ट अंगात घातला की बघणाऱ्याची नजर थेट खांद्यावर जाते. तिथली शिवण इंचभर खाली ओघळलेली असेल तर शर्ट कितीही महागाचा असो, दुसऱ्या कुणाचा मागून आणल्यासारखा दिसतो. रंगीत कपड्यात ही चूक खपून जाते. चौकडी, फुलं, काठ, झगझगीत बटणं डोळ्याला गुंतवून ठेवतात आणि मापाकडे लक्ष जात नाही. साध्या उंची कपड्याला तो आडोसा नसतो. शिवण जिथे असायला हवी तिथे असते, नाहीतर नसते, आणि दोन्ही दहा पावलांवरून दिसतं.

म्हणून असा कपडा घेताना पैसे कशाचे मोजतोय हे आधी स्वच्छ असावं. कापडाचे आहेत, शिलाईचे आहेत, पण सर्वांत जास्त बेतण्याचे आहेत. जर्मन डिझायनर जिल सँडर यांनी १९६८ मध्ये हॅम्बुर्गला काम सुरू केलं आणि सजावट बाजूला ठेवून फक्त कापड आणि कट यांच्या जोरावर नाव कमावलं. न्यूयॉर्कच्या ‘द रो’ या कंपनीची सुरुवात २००६ मध्ये एका टी-शर्टापासून झाली. वेगवेगळ्या वयाच्या आणि बांध्याच्या बायकांच्या अंगावर घालून बघत त्या टी-शर्टाचा कट पक्का केला गेला. साध्या टी-शर्टासाठी एवढी मेहनत घेतली, कारण कट काढून घेतला तर त्यात वेगळं असं काही उरतच नाही.

कोल्हापूरला कापड कळतं, हे नव्याने सांगायला नको. शाहू मिलची स्थापना १९०६ ची. त्याआधी १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळा पंचक्रोशीचा संसार त्या मागांवर उभा राहिला. त्यामुळे चिमटीत धरून पॉपलीन कोणतं नि केंब्रिक कोणतं हे सांगणारी माणसं इथे घरोघरी भेटतात. पण कापडाची पारख जेवढी मुरली तेवढी बेतण्याची मुरली नाही, असं माझं मत आहे. दुकानात बोटं आधी कापडावर फिरतात, मग किंमत बघितली जाते, मग कॉलरमागचा आकडा. मुंढा, म्हणजे बाही अंगाला जोडली जाते ती जागा, उलटून बघणारं गिऱ्हाईक विरळा.

त्यात अडचण अशी की या जातीचा कपडा इथे घालून बघायला फारसा मिळत नाही. राजारामपुरी, महाद्वार रोड, शाहूपुरी इथे दुकानं भरपूर आहेत, गांधीनगरला घाऊक बाजार आहे, पण अशा खास कपड्यासाठी एकतर मोबाइलवरून मागवावं लागतं नाहीतर पुण्या-मुंबईची फेरी. दुसऱ्या बाजूने एक मोठी सोयही आहे. पेठेपेठेत शिंपी आहेत, कटिंग जाणणारे मास्तर आहेत, आणि कपड्याच्या किमतीच्या मानाने त्यांची दुरुस्तीची मजुरी किरकोळ असते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर खरेदीचं धोरण आपोआप ठरतं. मास्तरला जे दुरुस्त करता येत नाही ते विकत घेतानाच अचूक हवं. जे करता येतं त्यात थोडं ढळलेलं चालेल. दुरुस्त न होणाऱ्या जागा मुख्यतः तीन : खांदा, मुंढा आणि पँटचं आसन, म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतचा भाग. चौथी धरायची तर कोटाची लांबी, कारण कोट खालून कापला की खिसे कडेच्या फार जवळ येतात आणि सगळं प्रमाण बिघडतं.

खांद्यापासून सुरुवात करायची, कारण अंगावरचा कपडा तिथूनच टांगलेला असतो. मानेकडून दंडाकडे बोट सरकवत गेलं की टोकाला एक हाड लागतं, त्याच्यापुढे उतार सुरू होतो. शिवण त्या हाडावर हवी. अर्धा इंच आत असेल तर बाही दंडाला धरते आणि हात पुढे केला की कफ मनगट सोडून वर पळतो. अर्धा इंच बाहेर असेल तर दंडाच्या वरच्या भागात कापडाला पोकळ खळगा पडतो. शर्टात पाव इंचाची सूट चालते, कोटात तीही नको. कोटाच्या खांद्यात आत कॅनव्हास असतं, बऱ्याचदा पॅड असतं, बाहीच्या डोक्याखाली भरावाची पट्टी असते. खांदा कमी करायचा तर बाही उसवायची, पॅड काढायचं, खांदा नव्याने कापायचा आणि तीच बाही बदललेल्या मुंढ्यात बसवायची. हे करू शकणारे मास्तर आहेत, पण एवढा खर्च आणि एवढा धोका पत्करण्यापेक्षा एक नंबर लहान कोट मागवावा.

रुंदी बरोबर असूनही कपडा नीट बसत नाही तेव्हा दोष बहुधा उताराचा असतो. मानेपासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या उतरत असतील तर तुमचे खांदे त्या कपड्याने धरलेल्या उतारापेक्षा जास्त उतरते आहेत. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर ते जास्त ताठ, चौकोनी आहेत. कोटात उतरत्या खांद्याला किंचित जाड पॅड घालून बरंच सावरता येतं. बिनपॅडच्या मऊ कोटात आणि शर्टात ते जमत नाही, तिथे कंपनीच बदलावी. एका कंपनीचा खांदा साधारण एकाच साच्याचा असतो, त्यामुळे एकदा आपल्याला बसणारी कंपनी सापडली की पुढची खरेदी सोपी होते.

मुंढ्याबद्दलचा समज तर उलटाच आहे. मुंढा मोठा आणि खोल असला की मोकळं वाटेल असं वाटतं. प्रत्यक्षात खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की बाहीबरोबर कोटाचं अख्खं अंग वर ओढलं जातं. काखेजवळ उंच बसलेला मुंढा असेल तर हात फिरतो आणि कोट जागच्या जागी राहतो. अंदाज असा : काखेत दोन बोटं सहज जावीत, मूठ जाऊ नये. खोल मुंढा नंतर वर आणता येत नाही, कारण तिथलं कापड कापून टाकलेलं असतं, ते परत आणणार कुठून? स्वस्त कपड्यात मुंढा मुद्दाम खोल ठेवतात म्हणजे एकाच मापात दहा प्रकारची माणसं सामावतात. महागाच्या कपड्यात तो उंच आहे का, हे बघण्याचा तुम्हाला पुरता हक्क आहे.

याची परीक्षा घ्यायला गाडी पुरते. कोल्हापुरात बहुतेक दिवस दुचाकीवरच जातो, म्हणून आरशासमोर ताठ उभं राहून बघितलेलं माप अपुरं पडतं. खुर्चीवर बसा, हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा, कोपर किंचित वाकवा. पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मध्ये कापड ताणून पट्ट्यासारखं झालं तर पाठ अरुंद आहे. कफ मनगटाच्या हाडापासून इंचभरापेक्षा जास्त मागे गेला तर बाही तोकडी किंवा मुंढा खोल. पोटाजवळची बटणं फाकून आतलं अंग दिसू लागलं तर घेर कमी. नेहमीच्या शर्टाला पाठीवर योकखाली, म्हणजे खांद्यांवरच्या आडव्या पट्टीखाली, चुण्या असतात, त्या अशा वेळी उघडतात. साध्या धाटणीच्या शर्टात पाठ सपाट दिसावी म्हणून चुण्या काढून टाकलेल्या असतात. तेव्हा पाठीच्या रुंदीत मुळातच अर्धा-पाऊण इंच जास्त हवा.

कॉलरचं थोडक्यात : वरचं बटण लावून दोन बोटं आत जायला हवीत. कोट घातला तर त्याची कॉलर मानेमागे शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी, मध्ये फट दिसली की कोट तुमचा नाही. बाही मनगटाच्या हाडाशी आणि तिच्याखालून शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच बाहेर. कोटाचं एक बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीच्या आकाराच्या सुरकुत्या पडल्या तर कंबर घट्ट आहे. तेवढी दुरुस्ती मात्र होऊ शकते, आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, असेल तर.

आता मापं. अंगाचं माप आणि कपड्याचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑनलाइन खरेदीतला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. काही कंपन्यांच्या तक्त्यात छाती ४० म्हणजे ज्याची छाती ४० आहे त्याच्यासाठी, असा अर्थ असतो. काहींच्या तक्त्यात ४० म्हणजे शर्टाचाच घेर ४०. पहिला शर्ट ४० छातीच्या माणसाला बसेल, दुसरा ३५-३६ छातीच्या. शर्टाचा घेर अंगापेक्षा ४ ते ५ इंच जास्त असेल तर अंगासरशी बसतो, ६ ते ७ इंच जास्त असेल तर ऐसपैस. लिननसाठी मी ऐसपैसच सुचवेन. लिननला ताण नसतो, अंगासरशी घेतलं तर कोपरात आणि पाठीत कापड लवकर विरतं आणि सुरकुत्या पडून सगळा पसारा दिसतो.

तक्त्याशी ताडून बघायला आपल्याकडचा उत्तम बसणारा एक शर्ट आणि एक पँट घ्यावी. शर्टाची सगळी बटणं लावून तो फरशीवर पसरायचा, गादीवर नाही, कारण गादीत कापड खचतं आणि टेप चुकतो. हाताने सपाट करायचा पण ताणायचा नाही. काखेच्या शिवणीखाली एक इंच, या काखेपासून त्या काखेपर्यंत, हे अर्ध्या छातीचं माप. समजा ५६ सेंटिमीटर आलं, तर पूर्ण घेर ११२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४४ इंच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. परदेशी साइटवर बहुतेक वेळा हेच अर्धं माप सेंटिमीटरमध्ये देतात. त्याशिवाय एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत पाठीवरून, बाहीची लांबी, मानेच्या मधोमधपासून खालपर्यंतची लांबी, आणि पोटाशी घेर. एवढे पाच आकडे वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवले की निम्मी परत पाठवणी वाचते. अंगाचं माप स्वतःचं स्वतः घेऊ नये. हात वर गेला की छातीचा आकडा बदलतो. घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगावं, श्वास नेहमीसारखा चालू, टेप जमिनीशी समांतर.

नंबरांचा गोंधळ वेगळाच. इटालियन पुरुषी कोटाचा नंबर म्हणजे छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा : ४८ म्हणजे ९६ सेंटिमीटर छाती, आपल्या हिशेबाने ३८. ५० म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणजे ४० च्या जवळ. बायकांच्या कपड्यात इटलीचा ४०, फ्रान्सचा ३६, जर्मनीचा ३४, ब्रिटनचा ८ आणि अमेरिकेचा ४ हे साधारण एकच माप. यांतला कुठलाही आकडा बांध्याबद्दल काही सांगत नाही, तो फक्त एका घेराचा असतो, आणि तोही कुठल्या तरी परक्या सरासरीवर उभा असतो. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्टने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, ‘इंडियासाइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतलं. ६ शहरांत २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची ही योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. अशा तक्त्याची गरज किती आहे हे उंचीत कळतं. परदेशी शर्ट-कोटांची लांबी बहुतेक वेळा सहा फुटांच्या आसपासच्या माणसासाठी धरलेली असते. साडेपाच फुटांच्या माणसाला त्याचा घेर बसला तरी कोटाची कंबर त्याच्या कंबरेच्या इंचभर खाली येते. मग बटण पोटाच्या फुगीर भागावर पडतं आणि माणूस उगाच जाड दिसतो. जिथे ‘शॉर्ट’ अशी वेगळी लांबी मिळते तिथे तीच घ्यावी.

कोल्हापूरला आणखी एक बांधा आहे, ज्याचा विचार कुठलाच तक्ता करत नाही : तालमीतला. गंगावेश असो की मोतीबाग, लहानपणापासून जोर-बैठका मारलेल्या माणसाची छाती ४४, कंबर ३४, मांडी २६ आणि मान १७ च्या पुढे, हे काही नवल नाही. तयार कोट-पँटच्या जोडीत छाती आणि कंबर यांत साधारण ६ इंचांचा फरक धरलेला असतो. इथे तो १० आहे. शिवाय मानेलगतचे स्नायू भरलेले असल्यामुळे खांदे उतरते वाटतात. अशा अंगाला नियम एकच, आणि तो बाकी सर्वांनाही लागू आहे : सगळ्यात भरलेल्या जागेचं माप धरून कपडा घ्यायचा आणि उरलेलं आत घ्यायचं. कोट छातीला बसणारा घ्यावा आणि जोडीने न घेता पँट वेगळी घ्यावी. पँट मांडीला बसणारी हवी, म्हणजे मांडीच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच जास्त. कंबर त्यात सैल येणारच. दोन इंचांपर्यंत कंबर मागच्या शिवणीतून आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला येतात. पुढे चुण्या असलेली पँट अशा मांडीला फार उपकारक. साध्या कपड्यांच्या चाहत्यांना सपाट पुढा आवडतो हे खरं, पण ताणून फाकलेले बाजूचे खिसे कुणालाच शोभत नाहीत.

पोट सुटलेल्या बांध्याचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. छाती ४०, पोटही ४०. शर्ट छातीला घेतला की पुढची कड वर उचलली जाते आणि खालची बटणं ओढली जातात. सरळ कापाचा शर्ट घ्यावा, कंबरेत आत घेतलेला नको. पँट पोटाखाली बांधायची सवय असेल तर ती सोडावी. तिथे ती टिकत नाही, दिवसभर घसरते आणि आसन लोंबतं. बेंबीच्या जवळ, उंच आसनाची, बाजूला घट्ट-सैल करायच्या पट्ट्या असलेली पँट पोटावरून सरळ खाली उतरते.

आसनाबद्दल अजून सांगायला हवं, कारण आपलं बसणं वेगळं आहे. पँट बेतणाऱ्या परदेशी माणसाच्या डोळ्यापुढे खुर्ची असते. आपण पंगतीला, पूजेला, पाहुण्यांच्या सोप्यात मांडी घालून बसतो. खोली बंद करून पँट घालून पाच मिनिटं मांडी घालून बसा. मागची कड खाली सरकून कंबर उघडी पडली तर मागचं आसन कमी आहे. गुडघ्यावर कापड ताठ होऊन रक्त अडल्यासारखं वाटलं तर मांडी-गुडघ्यात घेर कमी. उभं राहिल्यावर पुढे जांघेतून दोन्हीकडे मिशांसारख्या सुरकुत्या फुटल्या तर आसन तोकडं, आणि मागे सीटखाली कापड झोळी धरत असेल तर ते जास्त. पुढचं आसन कंबरेच्या कडेपासून जांघेत शिवणी मिळतात त्या चौकापर्यंत मोजायचं, मागचं त्याच चौकापासून मागच्या कडेपर्यंत. मध्यम बांध्याच्या पुरुषाला पुढे साडेदहा-अकरा इंच आणि मागे त्याहून चार इंच जास्त असेल तर बसता-उठता त्रास होत नाही. आसन वाढवता येत नाही. ते कमी असेल तर पँट परत पाठवायची, कापड कितीही आवडलेलं असो.

लांबी मास्तरच्या हातातली आहे, पण दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. निमुळती पँट खालून तीन इंच कापली की मूळची अरुंद मोहरी, म्हणजे पायाकडचं तोंड, कापून जाते आणि उरलेली रुंद होते, म्हणून गुडघ्यापासून पुन्हा निमुळती करून घ्यायची. आणि पायात काय घालणार ते आधी ठरवायचं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी, जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तिच्या धाटणीच्या चपला दिसल्यापासून, जगभर साध्या कपड्यांबरोबर घातली जाऊ लागली तर नवल नाही. इथे ती तशी घातली जातेच. पण बुटाच्या टाचेवर बेतलेली लांबी चपलेवर पाऊण इंच जास्त होते आणि मागची कड टाचेखाली घासते. दोन्ही घालणार असाल तर चपलेवर उभं राहून माप द्या. बुटावर पँट थोडी आखूड दिसेल, ते चांगलंच दिसतं.

बायकांच्या साध्या कपड्यात, सरळ ड्रेस असो की कुर्ता, निर्णय टक्सवर, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या निमुळत्या चिमटीच्या शिवणीवर, होतो. टक्सचं टोक छातीच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूच्या इंचभर अलीकडे थांबायला हवं. त्याच्यावर किंवा पुढे गेलं तर तिथे चोच उठते. खांद्याच्या मानेकडच्या टोकापासून त्या बिंदूपर्यंतचं अंतर एकदा मोजून ठेवावं. टक्स अर्धा इंच वर-खाली हलवता येतो, त्याहून जास्त नाही. मुळात टक्सच नसलेला सपाट कट भरलेल्या छातीवर पुढून उचलला जातो, पुढची कड मागच्या कडेपेक्षा इंच-दीड इंच वर दिसते. खांदे लहान आणि छाती भरलेली असेल तर छातीला घेतलेला कपडा खांद्याला मोठा होतो. त्यावर मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे रॅग्लन बाही, जिची शिवण खांद्यावर न बसता मानेपासून काखेकडे तिरकी जाते. या दुरुस्त्यांसाठी शर्ट-पँटवाल्या मास्तरपेक्षा ब्लाउज शिवणारे हात शोधावेत. पाव इंचाच्या चुकीने ब्लाउज बिघडतो, त्यामुळे मुंढा, टक्स आणि गळा त्यांना जेवढा कळतो तेवढा दुसऱ्या कुणाला कळत नाही.

ढगळ धाटणी सध्या बरीच चालते आणि बरेच जण ती एक नंबर मोठा घेऊन साधायला बघतात. ते होत नाही. ढगळ म्हणून बेतलेल्या कपड्यात खांद्याची शिवण दोन-तीन इंच खाली असते, पण गळा मानेलाच बसतो आणि बाही तेवढीच आखूड केलेली असते. एक नंबर मोठ्या कपड्यात गळा मागे पडतो, बाही हाताच्या पंजावर येते. अशा कपड्याची बाही शिवणीपासून मोजू नका. मानेच्या मधोमधपासून खांद्यावरून कफपर्यंत सलग मोजा आणि आपल्या नेहमीच्या शर्टाच्या त्याच मापाशी ताडा.

कापड धुतल्यावर काय करतं यावर निम्मी लांबी अवलंबून असते. आधी न आटवलेलं लिनन आणि सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं. ३० इंच लांबीच्या शर्टात ४ टक्के म्हणजे सव्वा इंच जवळजवळ गेला, आणि २५ इंचांच्या बाहीत एक इंच. होजिअरीचा टी-शर्ट लांबीत आटतो आणि वर पिळतोही : बाजूची शिवण पोटाकडे वळून येते. धाग्याचा पीळ आणि कापड तिरकं कापलं जाणं ही त्याची कारणं, इस्त्रीने ते जात नाही. नवा टी-शर्ट खांद्यांत धरून लोंबता धरावा, दोन्ही शिवणी काखेपासून सरळ खाली यायला हव्यात. १८० ते २२० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) कापड अंगावरून सुटं पडतं, त्याहून बरंच पातळ असेल तर पोटाची प्रत्येक वळी दाखवतं. लोकरी कापडावरच्या ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ या आकड्यांचा मापाशी संबंध नाही. ते लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतात, आणि बारीक तंतू मऊ असला तरी रोज गाडीच्या सीटवर घासला जाणार असेल तर लवकर झिजतो.

यावरून क्रम ठरतो, आणि तो चुकला की पैसे बुडतात. कपडा आला की टॅग न काढता घरी घालून बघायचा, जेवणाच्या आधी आणि नंतर, बसून, हात पुढे करून, मांडी घालून. खांदा, मुंढा किंवा आसन यांपैकी एकही चुकलं तर मुदत संपायच्या आत परत. पसंत पडला तर सुती आणि लिनन एकदा धुऊन, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच मास्तरकडे न्यायचं. आधी लांबी कमी करून मग धुतलेली पँट घोट्याच्या वर जाते, ती खाली आणायला कापड उरत नाही. लोकरी कोट-पँट ड्रायक्लीनला जातात, त्यांना हा प्रश्न फारसा नाही. लोकरी स्वेटर मात्र जून ते सप्टेंबरात इथे धुवायलाच काढू नये. दोन-दोन दिवस हवेत ओल असते, ओला स्वेटर दोरीवर टांगला की स्वतःच्या वजनाने लांब होतो, आणि मशीनमध्ये गरम पाण्यात घातला तर घट्ट होऊन लहान मुलाचा होतो. धुवायचाच असेल तर गार पाण्यात, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, आणि सपाट पसरून वाळवायचा.

मास्तरकडे नेण्याआधी कपडा उलटा करून माया बघून घ्यावी. चांगल्या पँटच्या मागच्या शिवणीत कंबरेशी एक-दीड इंच आणि खालच्या दुमडीत दीड-दोन इंच कापड सोडलेलं असतं. शिवणीलगत ओव्हरलॉक करून कापड छाटलेलं असेल तर तो कपडा वाढणार नाही, फक्त कमी होईल. कोटाच्या बाहीची काजं खरी कापलेली असतील तर बाही मनगटाकडून कमी करता येत नाही, वरून खांद्याकडून करावी लागते, ते काम महाग आणि नाजूक.

सांगताना मोघम सांगू नये. “जरा फिटिंग करून द्या” म्हटलं की कंबर, बाही, घेर सगळंच आत घेतलं जातं. “मास्तर, कंबरेत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच घ्या, मुंढ्याला हात लावू नका, आणि आतली माया कापू नका,” एवढं स्पष्ट म्हणावं. मायेचं वाक्य विसरू नये, कारण दुरुस्तीत उरलेलं कापड छाटून टाकायची सवय असते आणि दोन वर्षांनी वजन वाढलं की तेच कापड लागतं. टाचण्या अंगावर घालूनच लावून घ्याव्यात, त्याच चपलेवर किंवा बुटावर उभं राहून, खिशात मोबाइल आणि पाकीट नेहमी असतं तसं ठेवून. उंची कापडाच्या पँटची दुमड मशीनने न घालता हाताने तुरपून मागावी, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. त्याला वेळ लागतो, तेवढा द्यावा. आणि कपडा घ्यायला गेल्यावर पैसे देण्याआधी तिथेच घालून एकदा बसून बघावं. मास्तर समोर असताना राहिलेला अर्धा इंच तिथल्या तिथे निघतो.